जे, के आणि इतर मंडळी

अमेरिकेत, बेलव्ह्यूत, माझं काम सॉफ्टवेअरमधल्या चुका, म्हणजे बग, शोधण्याचं. सासरी हेच फुकट करत होते, इथं पगार मिळायचा. २००५च्या सुमारास आमच्या फोनबुकमध्ये गॅलिशियन, म्हणजे स्पेनच्या एका कोपऱ्यातली भाषा, घालायचं ठरलं. टेस्टिंग माझ्या गळ्यात पडलं, कारण मॅनेजरच्या मते भारतीयांना भाषांची सवय असते. डोंबल्याची सवय!

टेस्टिंगला खोटी नावं लागतात. आम्ही देशी लोक सरळ आपलं गणगोत टाइप करायचो. मीही मामा, मावश्या, आत्या, सगळे भरले. पाहते तर अर्धं खानदान गायब! फोनबुकमध्ये प्रत्येक नाव आद्याक्षराच्या कप्प्यात बसतं, आणि गॅलिशियन अक्षरं तेवीसच. जे, के, डब्ल्यू, वाय त्यांच्यात नाहीत, आणि आमच्याकडे जो तो जे नाहीतर के. मी तावातावानं बग नोंदवला. मॅनेजर खूश झाला. म्हणाला, "मग स्पॅनिश अक्षरंच चिकटवू. कुणाला कळतंय?"

कळणारा एकच होता, भाषांतर तपासणारा पन्नाशीचा गॅलिशियन. मनातल्या मनात मी त्याला काका म्हणायचे. तो येऊन माझ्या टेबलाशी उभाच राहिला.

"बग मागे घे," तो म्हणाला. "माझ्या आईचं नाव एक्सनं सुरू व्हायचं. आम्ही एक्सचा उच्चार 'श' करतो. सरकारनं कागदोपत्री जे लावून तिला स्पॅनिश केलं. थडग्यावरही जेच आहे. एका यादीत तरी तो नको."

मला रागच आला. याची आई राहावी म्हणून माझे मामा जायचे? पण थडग्यावरचा तो जे काही केल्या डोक्यातून जाईना. शेवटी मीच सुचवलं, यादीच्या तळाशी 'इतर' असा कप्पा करा, परक्या अक्षरांची मंडळी तिथं बसतील. मॅनेजर कुरकुरत हो म्हणाला.

नवी आवृत्ती आली तशी काकानं आईचं नाव टाइप केलं. ती एक्सखाली दिसली. तो चष्मा पुसत बसला, कितीतरी वेळ. आमचं खानदान खाली 'इतर'मध्ये, माझ्यासकट. या देशात ते काही नवीन नव्हतं.

रविवारी नागपूरला फोन केला तेव्हा आईला काकाच्या आईसकट सगळी हकिगत सांगितली आणि म्हटलं, "तुला 'इतर'मध्ये टाकलंय गं."

"आपलेच लोक आहेत ना तिथं? मग झालं," आई म्हणाली. मग तिनंच पुढं विचारलं, "आणि ती बाई तिकडे एक्समध्ये एकटीच का गं?"

एकटीच होती.