उष्टा क्यूब

महादेवी मावशी गेल्याचं मला कुणी सांगितलं नाही. एका डिझाइनवरून कळलं. सकाळी पेपरच्या कार्यालयात पोचलो तर मोबाइलवर तिच्या मुलाकडून, शिवराजकडून, एक चित्र आलेलं होतं. डावीकडे मावशीचा हसरा फोटो, उजवीकडे सहाही बाजू जुळलेला रंगीत क्यूब, खाली शिवराजच्या लातूरमधल्या कोचिंग क्लासचं बोधचिन्ह. मजकूर असा : 'वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी क्यूब सोडवणारी जिद्द आज लिंगैक्य झाली.' निधनवार्ता तपासून पाहण्याची मला सवय आहे. नाव बरोबर होतं, वय बरोबर होतं. क्यूब सोडवल्याचं विधान खोटं होतं. मावशीनं तो क्यूब कधीही सोडवला नव्हता, आणि सोडवला असं म्हटलेलं तिला सहन होत नसे.

मावशी ही माझ्या आईची धाकटी बहीण. काका गेल्यावर तिनं त्यांचं मॅचिंग सेंटर एकटीनं चालवलं. साडीवर जुळणारे ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, एवढाच धंदा. गिऱ्हाइकानं साडी काढली की ती आधी उचलून दुकानाच्या पायरीवर, उन्हात न्यायची. ट्यूबलाइटखाली रंग जुळवणाऱ्या दुकानदारांविषयी तिचं मत छापण्यासारखं नव्हतं. अबोली, आमसुली, रामा, चिंतामणी... बायका रंगाचं नाव घेऊन यायच्या आणि मावशी म्हणायची, "नाव ऱ्हाऊ दे, साडी दाखीव." पुढे गुडघे थकले, दुकान बंद झालं. मग ती मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नांदेडला आमच्याकडे आली. पट्टी निघाली त्या दिवशी ती गॅलरीत बसून बराच वेळ आकाशाकडे बघत होती. मग मला म्हणाली, "संजू, एवढं निळं आसतंय व्हय रे? म्हंजे इतकी वर्सं मी लोकान्ला पिवळट रंग इकले म्हण की."

वाचायला, शिवायला बंदी होती. कपाटात माझ्या मुलीचा क्यूब पडलेला होता, तो तिनं हातात घेतला. नवी नजर वापरून बघायला काहीतरी हवं होतं, इतकंच. चार दिवसांनी तिनं पांढरी बाजू पूर्ण केली आणि अख्ख्या घराला दाखवत फिरली. ती नवशिक्यांची नेहमीची चूक होती. वर सगळं पांढरं, पण कडेच्या पट्टीवर लाल, हिरवा, निळा यांची खिचडी. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिनं हात वर केला. "सांगायचं न्हाई. सांगितलं की ते तुझं झालं." दोन दिवस ती त्या पट्टीकडे बघत बसली. तिसऱ्या दिवशी चहा पिताना स्वतःशीच म्हणाली, "आंग जुळलंय, काठ जुळलं न्हाईत. आशी साडी कोण नेसंल?" आणि जमवलेली बाजू मोडून टाकली. मधला चौकोन जागचा हलत नाही, त्याच्याशी काठ जुळवायचा, हे तिला तिथे समजलं. लातूरला जाताना ती क्यूब पिशवीत टाकून घेऊन गेली. मुलीला दुसरा घेऊन द्यायला मला बजावलं.

पुढचं वर्षभर फोनवर एकच बातमी असायची. खालचा थर झाला. मधला मोडला. मधला झाला. वरच्या थराला हात लावला की खालचे दोन्ही विस्कटायचे, आणि ती पुन्हा पहिल्यापासून जुळवायची. "काय करलालीस?" विचारलं की उत्तर ठरलेलं : "उसवलालेय." तिला त्याचा त्रास होत नव्हता. लोकांचा होत होता. घरी येणारा प्रत्येक जण क्यूब उचलायचा, दोन वळसे द्यायचा, आणि "जमत न्हाई बा" म्हणून तिथेच टाकून जायचा. म्हणून ती तो चिंतामणी रंगाच्या ब्लाउजपीसमध्ये बांधून ठेवू लागली. दुकानातला शेवटचा तुकडा होता तो. गाठ तिच्या पद्धतीची, दुहेरी, आत पीळ घातलेली. कुणी सोडून पुन्हा बांधली तर तिला लगेच ओळखू यायची.

मग शिवराजनं व्हिडिओ काढला. लातूरमध्ये क्लास चालवायचा तर फलक लागतो, फलकावर चेहरा लागतो, आणि त्या वर्षी त्याच्याकडे गुणवत्ता यादीतला चेहरा नव्हता. घरात आई होती. त्यानं मोबाइलमध्ये बघून क्यूब शेवटच्या एका वळशापर्यंत आणला, आईच्या हातात दिला आणि म्हणाला, "आई, एवढं फिरीव आन् हास." पोटच्या पोरानं सांगितलं म्हणून तिनं फिरवला. हसलीसुद्धा, व्हिडिओत दिसतं ते. त्यानंतर ती मोरीवर गेली आणि साबण लावून हात धुतले. हे तिनंच मला सांगितलं. "उष्टं खाल्ल्यावानी झालं रे. तोंडात न्हाई, हातात." त्याच संध्याकाळी तिनं क्यूब पूर्ण विस्कटला आणि पुन्हा पांढऱ्या बाजूपासून सुरुवात केली. व्हिडिओ मात्र शहरभर फिरला, क्लासच्या फलकावर तिचा चेहरा लागला. देवळात बायका कौतुक करायच्या, ती म्हणायची, "मी न्हाई केलं ते." बायका म्हणायच्या, किती विनयशील!

शेवटची भेट उन्हाळ्यात झाली. ती घराच्या पायरीवर, उजेडात बसली होती. खालचे दोन्ही थर काठासकट पूर्ण, वर पिवळी फुली. चार कोपरे राहिले होते. "हे झालं की मी तुला फोन करीन," म्हणाली. "आन् न्हाई झालं तर न्हाई झालं म्हणून सांग लोकान्ला. तू पेपरवाला हायस, तुझं तरी खरं धरतील." फोन आला नाही.

आमच्यात दिवसांच्या जागी शिवगणाराधना असते, तिला मी लातूरला गेलो. मंगल कार्यालयाच्या दारात तोच फलक, आता काळ्या चौकटीत. आत फोटो, फोटोच्या काचेवर विभूतीचे पट्टे, आणि पुढे तबकात क्यूब. सहाही बाजू चोख. शिवराज माइकवर म्हणाला, "माझी आई या वयात क्यूब सोडवू शकते, तर तुमची मुलं मेडिकलला का जाऊ शकत नाहीत?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईच्या गणाराधनेत टाळ्या. पंगत बसली तेव्हा प्रत्येक ताटाशेजारी नव्या बॅचचं पत्रक ठेवलेलं होतं, वर मावशीचा फोटो. माझ्या समोरच्या गृहस्थांनी हुग्गीची, गव्हाच्या खिरीची, बोटं त्यालाच पुसली. मी ताटावरून उठलो.

शिवराजला बाजूला घेतलं. म्हटलं, "हा तिनं सोडवलेला नाही."

"दादा, फोटोपुढं आर्धवट ठेवायचा का? बरं दिसतंय का ते?"

"तिनं ठेवलाच होता की."

"लोकान्ला काय कळतंय त्यातलं..."

"बांधलेला होता ना? सोडलास तेव्हा कसा होता? वरचे कोपरे जुळले होते?"

त्यानं आठवायचा प्रयत्न केला, हे मान्य करायला हवं. "वर पिवळं बरंच होतं वाटतं. मी कुठं नीट बघितलं? गडबड होती. मोबाइलवर लावून टाकला."

म्हणजे ती कुठवर पोचली होती हे आता कुणालाही कधीच कळणार नाही. चारही कोपरे राहिले असतील, किंवा शेवटचा एक वळसा. जुळलेला क्यूब पुन्हा हवा तितका विस्कटता येतो, पण तिनं ठेवला होता तिथे नेता येत नाही. तबकातला तो चकचकीत ठोकळा मी मागितला नाही. माझ्या मुलीचा होता, तरीही नाही. त्याला हात लावायची शिसारी आली.

मी कापड मागितलं. ते कोठीच्या खोलीत, केळीच्या पानांच्या ढिगाखाली सापडलं. गाठ सुटेना म्हणून शिवराजनं कापडच कात्रीनं कापलं होतं, गाठीच्या अलीकडून. आता ते नांदेडला, गॅलरीतल्या फळीवर आहे. चौकोनी घड्या अजून उठून दिसतात. सकाळच्या उन्हात रंग खरा दिसतो, चिंतामणीच. दुसऱ्या, न कापलेल्या टोकाला गाठ आहे, दुहेरी, आत पीळ घातलेली... तिनं बांधली तशी.