उलटं करून कावून गुणायचं?

नेहरू नगरहून कुम्हारीला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये त्या बाई मला रोज दिसायच्या. बसल्याबरोबर मोबाइलवर अंगठ्याने भराभर टाइप करायच्या. शाळेत गणित शिकवतात आणि त्यावर ब्लॉग लिहितात, एवढंच मला ठाऊक होतं. नाव कधी विचारलं नाही.

एक दिवस मात्र त्या नुसत्या ओठ चावत मोबाइलकडे पाहत होत्या. मी विचारलं, "बरं नाही का?"

"पोरीनं वर्गात विचारलं, अपूर्णांकाच्या भागाकारात उलटं करून कावून गुणायचं, कारण काय? बारा वर्षं शिकवून राहिली मी, पण मले सांगताच आलं नाही. तेच ब्लॉगवर लिहिलं अन् विचारलं, कोणाले माहीत आहे का, भाऊ. आता हेडमास्तर म्हणतात, शाळेचं नाव खराब होते. आज प्रार्थनेच्या आधी काढा, नाही तर नोटीस."

"मग काढून टाका," मी म्हणालो. नोकरी महत्त्वाची, असंच मला वाटत होतं.

त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. बस्तरकडच्या कुणा शिक्षिकेने पोस्टखाली लिहिलं होतं, मलाही हे येत नाही, पण आजवर सांगायची हिंमत झाली नाही.

"हे काढलं तर ते बाई पुन्हा एकटी पडेल," त्या म्हणाल्या. कपाळावरचा घाम पदराने पुसत त्या कुम्हारीला उतरल्या. पोस्ट तशीच होती.

चौथ्या दिवशी नोटिशीचा कागद त्यांच्या मांडीवर होता. त्या उत्तर लिहीत होत्या. पहिलं वाक्य मला दिसलं: 'मला येत नव्हतं, म्हणून मी विचारलं.'