कुमुदताई आणि न घडलेल्याचं व्याकरण

आमच्या बडोद्याच्या वर्गात स्पॅनिश क्रियापदांची जी पुस्तिका वापरतात, तिच्यावर लेखक म्हणून माझं नाव आहे. ते खोटं आहे. तिच्यातला प्रत्येक तक्ता कुमुदताई दिघ्यांनी हाताने आखलेला. मी फक्त टाइप केला. तीन आठवड्यांपूर्वी त्यांच्या भाचीचा, सुनंदाचा, फोन आला, "आत्या सकाळी गेली." दुःखाच्याही आधी माझ्या मनात आलं, आता हे कबूल करायचं कोणाजवळ...

ताई नागरवाड्यात राहायच्या. पादरा रोडवरच्या एका पंपांच्या कारखान्यात त्या टायपिस्ट होत्या. माल दक्षिण अमेरिकेत जायचा, तिकडून स्पॅनिश पत्रं यायची आणि साहेब ती शब्दकोशासकट ताईंच्या टेबलावर ठेवून जायचे. 'आपण लवकर पाठवलंत तर आभारी राहू' अशी अदबीची वाक्यं. त्यांतल्या क्रियापदांनी ताईंना झपाटलं. स्पेन सोडाच, त्यांनी मुंबईसुद्धा दोनदाच पाहिली होती. पण निवृत्त होईपर्यंत त्या माझ्यासारख्या स्पॅनिशच्या पदविकावाल्याच्या कितीतरी पुढे गेल्या होत्या. मी वर्ग काढला तेव्हा शिकवायला त्यांनाच बोलावलं.

जे घडलेलं नाही, नुसतं मनात आहे, त्यासाठी स्पॅनिशमध्ये क्रियापदाचं वेगळं रूप असतं. पुस्तकं तिथे प्रत्ययांची रांग लावून मोकळी होतात. ताई म्हणायच्या, "आधी काल खरंच काय झालं ते आणा." घरच्यांनी काल केलेल्या तीन गोष्टी प्रत्येकाने लिहून आणायच्या. ते बोलले, आब्लारोन. ते जेवले, कोमिएरोन. मग शेवटचं 'रोन' खोडायचं आणि तिथे 'रान' लिहायचं. आब्लारान, ते बोलले तर... कोमिएरान, ते जेवले तर... नियमित क्रियापद कुठलंही घ्या, वाट हीच. घडलेल्याच्याच खोडाला न घडलेलं फुटतं, हे पदविका घेऊनही मला कधी दिसलं नव्हतं. मी मागच्या बाकावर बसून थक्क होऊन ऐकत राहायचो.

करजणहून येणारा हितेश एकदा कोरी वही घेऊन आला. "ताई, आ तो बहु अघरुं छे."

"अवघड काही नाही, तू आळशी आहेस. काल घरात कोणी बोललं नाही का?"

"नाही बोलले. मी नापास झालो तेव्हापासून पप्पा बोलतच नाहीत."

ताईंनी चष्मा काढला, पुसला. "मग 'बोलले' हे रूप तू आणणार कुठून? आज घरी जा, आधी तू बोल. गृहपाठ आहे तो."

दुसऱ्या दिवशी त्याने फळ्यावर एकच शब्द लिहिला, आब्लारोन. मग स्वतःच 'रोन' पुसून 'रान' केलं आणि मराठीत म्हणाला, "रोज असे बोलले तर..." आणि खडू ठेवून जागेवर जाऊन बसला. ताईंनी नुसती मान हलवली.

पुस्तिका छापायला दिली तेव्हा छापखान्यात विचारलं, लेखक कोण? पदवी नसलेल्या टायपिस्टचं नाव पाहून कोण विश्वास ठेवेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि माझं नाव दिलं. ताईंना प्रत दिली. दोन दिवसांनी त्यांनी ती परत आणली, पेन्सिलीने तीन चुका दाखवून. "पुढच्या वेळी सुधारा. मुलं चुकीचं पाठ करतील." मुखपृष्ठाबद्दल अवाक्षर नाही. दुसऱ्या आवृत्तीत मी त्या तिन्ही चुका सुधारल्या. चौथी, मुखपृष्ठावरची, तशीच ठेवली.

दहाव्याला सुनंदाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आत्याला दिसलं होतं की. म्हणायची, तक्ते बरोबर आलेत, बस झालं."

मला तेवढं बस नव्हतं. रविवारी वर्गात सुनंदाला पुढे बसवलं. नव्या-जुन्या मुलांत हितेशही होता. माफीत 'जर' येऊ द्यायचा नाही, घडलं तेच सांगायचं, एवढं ठरवून मी उभा राहिलो.

"हे पुस्तक कुमुद दिघे यांचं आहे. त्यांचं नाव मी गाळलं, माझं घातलं. त्या होत्या तोवर बोललो नाही. ताई, मी तुमचा अपराधी आहे. मला माफ करा."