कचेरीजवळचं बिऱ्हाड

मैत्रिणींनो, हे आजचंच आहे. मन शांत व्हायच्या आत लिहिते.

यजमानांना कचेरीत पायी जाता यावं म्हणून आम्ही देवीच्या देवळाजवळचं बुधवाऱ्यातलं घर सोडून कॅम्पात बिऱ्हाड केलं. आमची दोघांची देवीची सकाळची आरती सुटली. टांग्याचा खर्च वाचतो, अशी मीच मनाची समजूत घातली. कचेरी पाच मिनिटांवर, तरी हे आठलाच निघत. "साहेब लवकर बोलावून राहिले," म्हणत.

आज मंगळवार. राहवलं नाही, म्हणून हे गेल्यावर थोड्या वेळानं मी एकटीच चालत देवीला गेले. परतताना जुन्या शेजाऱ्यांच्या ओसरीवर यांचे जोडे दिसले. आत बुद्धिबळाचा डाव रंगला होता. दाराशी टांगा उभा.

शेजारीणबाई म्हणाल्या, "काहून वं, तुले ठाऊक नाही? भाऊजी तं रोजच येतेत. आधी आरती, मग डाव, मग टांग्यानं कचेरी."

संध्याकाळी यांना विचारलं. म्हणाले, "तुले सांगतलं असतं, तं तूही मांगं लागली असती."

डावाचा राग नाही हो. पण आरती तरी दोघांची होती ना?

उद्या आठला मीही दारात तयार उभी राहणार आहे. तुम्ही काय केलं असतं?