पुढच्या जहाजाचे नाव

आजचे संयुक्त अरब अमिराती हे राष्ट्र तेव्हा व्हायचे होते. साठच्या दशकाच्या मध्यावर मी दुबईच्या बर दुबई भागात, खाडीकाठच्या एका जहाज एजंटाच्या कचेरीत कारकून होतो. माझा स्वतःचा परवाना त्या कचेरीच्या शब्दावर टिकून होता.

खोलीत माझ्याबरोबर आमच्याच रत्नागिरीकडचे एक चाचा राहत. उभा जन्म त्यांनी जहाजांवर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, म्हणून काढला होता. पुढचे जहाज मिळेपर्यंत राहायच्या पंधरा दिवसांच्या मुभेवर ते दुबईत उतरले होते. त्यांची नजर अधू झाली होती. कोणतेही जहाज त्यांना घेणार नाही, हे आम्हा दोघांना ठाऊक होते. एका तेल कंपनीच्या तळावर स्वयंपाकघर सुरू होणार होते. तिथे जागा मिळेल या आशेवर ते थांबले होते. घरी दुसरे कोणी मिळवते नव्हते.

मुभा वाढवायची तर परवाना कचेरीला पुढच्या जहाजाचे नाव हवे होते, तेही आमच्या कचेरीच्या कागदावर.

"लिही," चाचा म्हणाले.

"खोटे लिहू?"

"मुन्शी, कोबेला असंच चालायचं."

ती गोष्ट दुसऱ्या महायुद्धातली. जपान अजून युद्धात उतरला नव्हता. चाचांचे जहाज दुरुस्तीसाठी कोबे या जपानी बंदराच्या गोदीत अडकले होते आणि शहरात युरोपातून पळालेले ज्यू आले होते. जपानचा नियम असा, की ज्याच्या कागदावर पुढच्या देशाचे नाव असेल त्याने उतरावे, थोडे दिवस राहावे, पुढे जावे. नाव नसेल त्याने आल्या वाटेने परतावे.

"कुठल्याशा डच बेटाचं नाव असायचं. तिथे कुणी जाणार नाही, हे तिथल्या जपानी साहेबालाही ठाऊक. तरी मुदत वाढवून द्यायचा."

"तुम्हाला कसे कळले?"

"त्यांच्यातला एक मास्तर गोदीवर यायचा. डुकराचं खात नाही म्हणाला. मी म्हटलं, हा तर आपल्यातलाच. कोलंबीचा भात करून नेला. शिवला नाही. मी चिडलो, तर म्हणे कोलंबीही आम्हाला मना. आता हे कोकणातल्या माणसाला कसं सुचावं?"

मी हसलो नाही. पुढे त्यांचे काय झाले, ते विचारले.

"जर्मनांशी जपानची दोस्ती. तरी यांना हाकललं नाही. ठेवूनही घेतलं नाही. उरले त्यांना शांघायला धाडलं. तिथे मग एका वस्तीत घातलं म्हणे; बाहेर पडायला पास."

"म्हणजे जपानी भले की बुरे?"

"मी भंडारी. कागदावर नाव होतं तो उतरला, एवढं मी पाहिलं."

मी नाव लिहिले. जहाज खरे होते, नवव्या दिवशी येणार होते. फक्त त्याला भंडारी नको होता. कप्तानाला एक प्रश्न विचारला गेला असता तर चाचांच्या आधी मी परत गेलो असतो. ते नऊ दिवस मला अन्न गोड लागले नाही. चाचा मात्र रोज तळाच्या फाटकापर्यंत जाऊन येत.

जहाज आले. उतारूंची यादी घेऊन मी परवाना अधिकाऱ्याबरोबर लाँचमधून निघालो. अर्ध्या वाटेत त्याने विचारले, "तुमचा स्वयंपाकी चढतोय ना?"

"नाही. जहाजाला नको आहे."

"हे कधी कळलं?"

"लिहिताना."

त्याने यादी माझ्या हातून घेतली, घडी घालून परत दिली. मग म्हणाला, "उद्या दुसऱ्या जहाजाचं नाव घेऊन ये."

अशी चार नावे मी लिहिली. तळावरचे स्वयंपाकघर काही सुरू झाले नाही. पाचव्या वेळी खुर्चीवर नवा अधिकारी होता. त्याने कागद वाचला, खरोखर मुंबईला जाणाऱ्या जहाजाचे नाव स्वतःच्या हाताने लिहिले आणि तारीख घातली. त्या दिवशी चाचांची ट्रंक मी उचलली. शिडीच्या पायऱ्या त्यांना नीट दिसत नव्हत्या, म्हणून वरपर्यंत हात धरून नेले.