नानांनी काढलेली हवा

"हवा मीच कमी केली," नाना म्हणाले. "रोज थोडी थोडी. या उन्हात फुल हवा ठेवली तर टायर फुटेल की नाही?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच टायरांवर ते नातीला घेऊन पर्थला निघणार होते. ऑस्ट्रेलियातल्या आमच्या कालगुर्लीहून पर्थ सहाशे किलोमीटर, तेही भर जानेवारीत, म्हणजे इथल्या कडक उन्हाळ्यात. शनिवारी त्या नातीचं, अनिकाचं, तिथे लग्न. नाना म्हणजे माझा मित्र डॉक्टर शिरीषचे वडील, लग्नासाठी नाशिकहून आलेले. "निघायच्या आधी टायरवर एक नजर टाक," एवढंच सांगून शिरीषने मला बोलावलं होतं.

मी इथल्या एका सोन्याच्या खाणीत टायर इंजिनिअर आहे. आमच्या डम्परचा टायर माझ्या दुप्पट उंच असतो आणि तो जास्त तापू न देणं हे माझं निम्मं काम. या विषयात माझ्याशी वाद घालून सहसा कोणी जिंकत नाही. नानांना ते माहीत नव्हतं.

गाडी होती लिंकन टाउन कार. शिरीषने हौसेने घेतलेली, पांढरीशुभ्र, अंगणात मावत नाही इतकी लांब. अमेरिकेत एअरपोर्टवर आणि हॉटेलांच्या दारात पाहुण्यांची ने-आण करायला ही तीस वर्षं धावली, २०११ मध्ये बंद झाली. हिची चासी ट्रकसारखी वेगळी, वर बॉडी ठेवलेली. वजन भरपूर, पण आत बसलं की गादीवर लोळल्यासारखं वाटतं. खरी अडचण तिथेच आहे. साध्या गाडीत हवा उतरली की स्टीअरिंग जड होतं, लगेच कळतं. ही मुळातच इतकी मऊ, की टायर अर्धे बसले तरी आतल्याला पत्ता लागत नाही. त्यात मागे स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या. डिकी लग्नाच्या सामानाने भरली तरी त्या फुगून गाडीची पाठ उचलून धरतात. गाडी दबलेली दिसत नाही, वजन मात्र टायरच सोसतो.

मी गेज लावला. दाराच्या कडेच्या स्टिकरवर जेवढी हवा लिहिली होती, त्याच्या निम्मीच होती.

"नाना, टायर उन्हाने तापतो त्याहून जास्त दुमडून तापतो. हवा कमी असली की प्रत्येक फेरीला त्याची बाजू वाकते, सरळ होते. तार सारखी वाकवली की गरम होते ना, तसं."

"चाळीस वर्षं हेच करतोय मी. एकदाही फुटला नाही."

"तिथे एकशे दहाने सलग सहाशे किलोमीटर चालवलीत कधी?"

"नाही. पण तत्त्व तेच."

तत्त्वावर आलेल्या माणसाशी बोलून उपयोग नसतो. मी पुढच्या डाव्या टायरमध्ये पूर्ण हवा भरली, उजवा तसाच ठेवला. गावातच हळू चालवत मोठी फेरी मारली आणि टेंपरेचर गन लावली. उजवा चांगलाच तापला होता.

"त्या बाजूला ऊन होतं," नाना म्हणाले.

चहा होईपर्यंत टायर निवले. मग उजव्यात हवा भरली, डाव्यातली काढली आणि परत तीच फेरी. आता डावा तापला. नानांचा गनवर विश्वास नव्हता, त्यांनी दोन्हींवर तळहात ठेवून पाहिला. मला हा माणूस आवडायला लागला होता.

"बरं. भर सगळ्यांत हवा. उद्या निघू," ते म्हणाले.

"आधी मागचे दोन उघडून बघायचेत."

टायरच्या दुकानात पहिला टायर रिमवरून उतरवून उलटा केला, तर आतून काळा चुरा पडला. नानांनी हात पुढे केला होता, तो त्यांच्या तळव्यावर आला.

"ही कसली घाण?"

"टायरच्या आतलं रबर. घासून निघालंय. बाहेरून नवा दिसतो, पण आता हवा भरूनही उपयोग नाही. रस्त्यात कधीही फुटेल."

दुसऱ्याचीही तीच गत. निम्म्या हवेवर, डिकीत लग्नाची खरेदी लादून, नाना गेले काही आठवडे ही गाडी फिरवत होते. त्या मापाचा टायर गावात कोणाकडे नव्हता, पर्थहून यायला सोमवार उजाडला असता. दुकानदार म्हणाला, "जवळच्या मापाचा बसवून देतो मेट, नो वरीज." मी नाही म्हटलं. टायर चाकाला बसला म्हणजे झालं असं नसतं, किती वजन पेलेल तो आकडाही टायरवर असतो. त्याच्या टायरवरचा आकडा या गाडीला पुरणारा नव्हता.

अनिकाला सांगायचं काम नानांनी स्वतःकडे घेतलं.

"बट नाना, यू प्रॉमिस्ड," ती म्हणाली. "आय वॉन्टेड टू अराइव्ह इन दॅट कार."

"हो, मीच म्हणालो होतो. टायरही मीच घालवले. आता त्या गाडीत मी तुला बसवणार नाही."

ती रडली. नानांचा चेहरा बघवत नव्हता. मलाही फार वाईट वाटलं, पण निर्णय बदलावासा एकदाही वाटला नाही.

घरची मंडळी विमानाने गेली, सामान घेऊन मी रस्त्याने. शनिवारी नवरी हॉलच्या दारात माझ्या यूटमधून, म्हणजे पिकअपमधून उतरली, मागच्या उघड्या हौद्यात लाडवांचे डबे. फोटो झकास आले.

यातून घ्यायचं ते एवढंच, की दाराच्या कडेचा स्टिकर वाचावा. मॉडेल बंद झालं म्हणून त्यावरचा आकडा बाद होत नाही, आणि उन्हाळा आला म्हणून बदलतही नाही.

परतीच्या सकाळी मी पार्किंगमध्ये आले, तर नाना माझ्या यूटच्या चाकाशी उकिडवे बसलेले, हातात माझाच गेज.

"मृणाल, मागच्या डाव्यात हवा चार पौंड कमी आहे," ते म्हणाले. "अशीच निघाली होतीस?"

खरंच चार कमी होती. मी हवा भरायला गेले.