मनीचं ऑपरेशन

पापड भाजताना अजून त्या सिंधी बाई आठवतात. नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही अंबरनाथला मोरिवलीत राहायचो, तेव्हा त्या उल्हासनगरहून पापड विकायला यायच्या. नाव कधी विचारलं नाही. टोपली उतरवून ओढणीने घाम पुसत त्या आधी आमच्या मांजरीची चौकशी करायच्या, मग आमची.

एकदा म्हणाल्या, "भाऊ, ऑपरेशन करून टाका ना. डॉक्टर ओळखीचा आहे."

मी छाती फुगवून म्हणालो, "आमची दोनच आहेत. बस्स झाली!"

"अरे, तुमचं नाही बाबा, बिल्लीचं!"

आत बायको इतकी हसली की पोळी करपली.

बाई मात्र हसल्या नाहीत. "दर वेळेला पिल्लं ट्रकखाली जातात, आणि ही बिचारी ओरडत दारोदार शोधत फिरते. बघवत नाही हो."

मग रिकाम्या टोपलीत मनीला घालून, वर ओढणी बांधून त्या तिला जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या, आणि बरी झाल्यावर आणून सोडली.

मनी अंगाने भरली, पण बाई दिसल्या की पलंगाखाली पळायची. मलाच ओशाळल्यासारखं व्हायचं.

बाई वाकून तिच्याकडे बघत म्हणायच्या, "राहू दे नाराज. शोधत तर नाही ना फिरत आता?"